शर्यतीची होडी आणि तिचें शीड

शिडाची होडी वारा पाठीमागून ढकलतो म्हणून चालते, अशी पुष्कळांची समजूत असते. वारा पाठीशीं असेल तेव्हां ती बव्हंशीं खरीही आहे. परंतु शर्यतीचा जवळजवळ निम्मा मार्ग बहुधा वाऱ्याच्या तोंडावर आंखलेला असतो. आणि जिकडून वारा येतो तिकडेच त्यानें ढकललेली होडी जाणार कशी? ह्याचें उत्तर शिडाच्या आकारांत आहे. शीड म्हणजे वारा भरून घेणारी पिशवी नव्हे. तो उभा केलेला पंखच होय. त्याच्या बांकदार पृष्ठावरून वारा वळून गेला म्हणजे एका अंगाला दाब कमी व दुसऱ्या अंगाला अधिक होतो, आणि होडी कमी दाबाकडे ओढली जाते. पाण्याखालचें जड पातें तिला बाजूला फारशी सरकूं देत नाहीं, म्हणून उरलेलें बळ तिला पुढें नेतें. वाऱ्याशीं सुमारें ४५ अंशांचा कोन राखून, एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे अशी नागमोडी वाट काढीत, ती वाऱ्याच्या उगमाकडे चढते.

तेव्हां पंखाचा आकार जसा, तशी होडीची गति. ह्याचें आजचें एक चांगलें उदाहरण म्हणजे जे/७० ह्या जातीची होडी. ॲलन जॉन्स्टन ह्या अमेरिकन नौकारचनाकारानें आंखलेली ही होडी २०१२ सालीं प्रचारांत आली. तिची लांबी ६.९३ मीटर, वजन सुमारें ८०० किलोग्रॅम, आणि चालविणारीं माणसें बहुधा चार. ह्या जातीच्या सर्व होड्या एकाच मापाच्या असतात. घडण बदलण्याची मोकळीक कोणालाच नसते. मग एक पुढें आणि दुसरी मागें कां राहते? चालविणाऱ्यांचें चातुर्य सोडल्यास, त्याचें कारण पुष्कळदां तारांच्या ताणांत सांपडतें.

ह्या होडीची डोलकाठी कार्बनच्या तंतूंची असून ती धनुष्याप्रमाणें वांकते. तिला दोन्ही बाजूंस एक वरची व एक खालची अशा तारा आवळून धरतात; पुढें नाळेपाशीं एक तार असते आणि मागें एक ताण असतो. वरच्या तारा डोलकाठीच्या मध्यावरील आडव्या दांड्यांवरून किंचित् मागच्या बाजूस नेलेल्या असतात. त्यामुळें त्या आवळल्या कीं पुढची तारही ताठ होते. खालच्या तारा डोलकाठीचा मध्य जागच्या जागीं धरून ठेवतात. प्रत्येक तारेच्या बुडाशीं टर्नबकल नांवाचा मळसूत्री जोड असतो. तंबोऱ्याच्या खुंटीप्रमाणें त्याचा एखादा फेरा अधिक किंवा उणा केला कीं सगळ्या शिडाचा सूर बदलतो.

हा सूर वाऱ्यावर अवलंबून असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचें बळ दुप्पट नव्हे, चौपट होतें. वारा ताशीं ८ सागरी मैलांवरून १६ वर गेला, तर जें शीड आधीं होडीला जेमतेम नेत होतें, तेंच तिला आतां आडवी करूं पाहतें. म्हणून जोरदार वाऱ्यांत तारा आवळून शीड सपाट करावयाचें, आणि सौम्य वाऱ्यांत, विशेषतः पाणी हेलकावत असेल तर, तारा सैल करून त्याला पोट द्यावयाचें, असा सामान्य नियम आहे. मात्र वारा अगदींच क्षीण असेल तर फार खोल पोटही उपयोगाचें नाहीं. तेवढें वळण घेण्याची शक्ति त्याच्या अंगीं नसते.

खरी कसोटी येथेंच आहे. गवयाला भर मैफलींत तंबोरा पुन्हां मिळवून घेतां येतो. ह्या नाविकांना ती मुभा नाहीं. शर्यत सुरू होण्यापूर्वी चार मिनिटें तयारीची खूण होते, आणि त्या क्षणापासून, मागचा ताण सोडल्यास, डोलकाठीच्या तारांना हात लावण्यास ह्या जातीच्या नियमांची मनाई आहे. वारा वाढेल कीं पडेल, ह्याचा निर्णय आकाश व पाणी पाहून त्याआधींच करावा लागतो. वारा वाढेल ह्या भरंवशावर तारा आवळल्या आणि तो पडला, तर शीड फळीसारखें ताठ राहतें व होडी पाण्याला चिकटल्यासारखी होते. उलट सैल तारांवर वारा चढला, तर पुढची तार झोळ खाते, पुढच्या शिडाचें पोट वाढतें, होडी कलते आणि सुकाणू तिला सरळ ठेवतां ठेवतां वेगच खाऊन टाकतें.

अंदाज थोडा चुकला तर सांवरण्याची साधनें मात्र हातीं असतात. झोत आला कीं मागचा ताण ओढावा. डोलकाठीचा शेंडा मागें वांकून मोठें शीड सपाट होतें, त्याची वरची कड उघडते आणि जादा वारा निसटून जातो. तेवढ्यानें न भागल्यास मोठ्या शिडाची दोरी ढिली करावी, आणि चौघांनीं वाऱ्याच्या बाजूच्या कांठावर भार देऊन होडी सरळ ठेवावी. झोत सरला कीं हें सारें पुन्हां उलट करावें.

वारा डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून पुढच्या शिडाच्या दोन्ही अंगांना हलके धागे लावलेले असतात. दोन्ही धागे मागें सरळ वाहत असले म्हणजे शीड बरोबर आहे. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीड ओढावें किंवा होडी वाऱ्यापासून जरा दूर वळवावी; पलीकडचा फडफडला तर शीड सैल करावें किंवा होडी वाऱ्याकडे न्यावी. परतीच्या वाटेवर नाळेपुढील दांड्यावर मोठें फुगीर शीड उभारतात. त्याची वाऱ्याकडील कड नुकती मुडपूं लागेल इतकीच दोरी सोडावयाची.

आवळणें हें बळाचें काम आहे. केव्हां सैल सोडावें, हें समजणें बुद्धीचें. शर्यतींत दोहोंचीही परीक्षा होते, पण पहिला प्रश्न धक्क्यावर, शिडें चढण्यापूर्वींच विचारलेला असतो.