बयाणा दिलेल्यांची गाडी

२६ नोव्हेंबर २००६ रोजी लंडनच्या मध्यवर्ती रस्त्यांवरून शेकडो टीव्हीआर गाड्या एकामागोमाग एक गेल्या. त्या दिवसाला चाहत्यांनी ‘लंडन थंडर’ असं नाव दिलं होतं. कारण साधं होतं. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल शहरातला टीव्हीआरचा कारखाना बंद होत होता. गाड्यांची बांधणी इटलीत हलवायची घोषणा नव्या मालकाने केली होती आणि कामगारांची घरं उघड्यावर पडणार होती. कारखाना बंद पडताना कामगारांचा मोर्चा निघतो, हे गिरणगावाची आठवण असलेल्या कुणालाही सांगायला नको. पण इथे त्या कारखान्याच्या मालाचे गिऱ्हाईकच कामगारांसाठी रस्त्यावर उतरले होते, आपापल्या गाड्या घेऊन. यांतल्या बऱ्याच जणांची गाडी कधी ना कधी रस्त्यात बंद पडलेली होती, अनेकांनी इंजिन उघडून नव्याने बांधून घेतलेलं होतं. तरीही ते आले.

टीव्हीआर ही कंपनी समजून घ्यायची तर सुरुवात या माणसांपासून करावी लागते. तिचे मालक बदलले, इंजिनं बदलली, कारखान्याचा पत्ता बदलला. टिकले ते चाहते.

ब्लॅकपूल हे सुट्टी घालवायचं गाव. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतले कामगार पिढ्यान्‌पिढ्या तिथे समुद्रावर यायचे. त्या गावातल्या ट्रेव्हर विल्किन्सन या तरुणाने चौदाव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजमध्ये उमेदवारी केली. १९४६ मध्ये त्याने चाकं बनवणाऱ्याचा एक जुना धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी टीव्हीआर इंजिनिअरिंग सुरू झाली. ट्रेव्हर या नावातलीच ही तीन अक्षरं. पोलादी नळ्या जोडून केलेली चॅसी, तिच्यावर फायबरग्लासची हलकी बॉडी आणि दुसऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीकडून घेतलेलं इंजिन, हा साचा पन्नासच्या दशकात ठरला आणि तो पुढे बराच काळ चालला. पत्रा ठोकून बॉडी घडवायला प्रचंड मोठे प्रेस लागतात, फायबरग्लासला फक्त साचा आणि हाताने काम करणारी माणसं लागतात. भांडवल नसलेल्या माणसाला मोटार बनवायची हाच मार्ग मोकळा होता.

पैसा मात्र कधीच पुरला नाही. विल्किन्सन स्वतः १९६२ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर जॅक ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन फोर्ड विक्रेत्याने टीव्हीआरच्या एवढ्याशा गाडीत फोर्डचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं, आणि त्या अफाट गाडीला अमेरिकेत मागणी आली. पण तिथल्या गोदी कामगारांच्या संपात माल अडकला, आणि १९६५ मध्ये ब्लॅकपूलची कंपनी बुडाली. ती उचलली मार्टिन लिली आणि त्याच्या वडिलांनी. मार्टिन हा टीव्हीआरचा विक्रेता, स्वतः ती गाडी शर्यतीत चालवणारा. १९७५ च्या जानेवारीत कारखान्याला आग लागली, त्यातूनही लिलीने कंपनी उभी केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडून ती घेतली पीटर व्हीलरने. हा रसायन अभियंता, तेल उद्योगाला यंत्रसामग्री पुरवून पैसा केलेला, आणि तोही आधी टीव्हीआरचा गिऱ्हाईक. म्हणजे दोन वेळा कंपनी बुडता बुडता वाचली, आणि दोन्ही वेळा वाचवणारा माणूस चाहत्यांतूनच आला. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढच्या सगळ्या आशेचं मूळ त्यात आहे.

व्हीलरचा काळ हा टीव्हीआरचा सुवर्णकाळ, आणि मला त्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याने रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन घेतलं. हे तेच इंजिन ज्याने रेंज रोव्हर ओढली, आणि ती रेंज रोव्हर आज मुंबईच्या टाटांच्या घरात आहे. १९९० च्या बर्मिंगहॅम मोटार प्रदर्शनात ग्रिफिथ हे जुनं नाव घेतलेली नवी गाडी ठेवली गेली तेव्हा लोकांनी तिथल्या तिथे बयाणा भरला. तिची बॉडी पाहिली की कारण कळतं. बंपर वेगळा दिसत नाही, दाराला बाहेरून कडी नाही, पन्हाळं नाही. एकाच ओल्या मातीच्या गोळ्यावरून हात फिरवून काढलेला आकार वाटतो. पुढे आलेल्या पाच लिटरच्या ग्रिफिथचं वजन टनाच्या थोडंसंच वर आणि अश्वशक्ती कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३४०. त्या वेळी एवढ्या पैशात एवढा वेग देणारं दुसरं कुणी क्वचितच होतं.

मग शिमेरा आली. तिचं मॉडेल फोममध्ये कोरलं जात असताना व्हीलरच्या नेड नावाच्या कुत्र्याने पुढच्या भागाचा एक लचका तोडला, आणि तो खळगा व्हीलरला इतका आवडला की इंडिकेटर तिथेच बसवले, ही हकीकत प्रत्येक टीव्हीआरवाला सांगतो. पुढच्या सर्बेरा या गाडीच्या वेळी त्याने आणखी मोठं धाडस केलं. दुसऱ्याचं इंजिन घ्यायचं सोडून स्वतःचं बनवलं. अल मेलिंग, जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट आणि पीटर व्हीलर या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला एजेपी-८ नाव मिळालं. वर्षाला हजारभराच्या आसपास गाड्या विकणाऱ्या कंपनीने स्वतःचं व्ही-८ घडवावं, याला छाती लागते. त्याच सर्बेरावरून बारा सिलिंडरची स्पीड-१२ तयार झाली. व्हीलर ती एका संध्याकाळी घरी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला की ही रस्त्यावर विकायची नाही. ज्या माणसाने आपल्या गाड्यांत एअरबॅग घातल्या नाहीत, एबीएस घातलं नाही, चाक घसरू नये म्हणून कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन घातलं नाही, त्याला ती गाडी फार वाटली. आपल्याकडच्या अनेकांनी टीव्हीआर पहिल्यांदा पाहिली ती २००१ च्या ‘स्वोर्डफिश’ चित्रपटात, जॉन ट्रॅव्होल्टाच्या हाती असलेली टस्कन.

या गाड्यांचे दोष मी झाकणार नाही, कारण चाहतेही झाकत नाहीत. चॅसीच्या बाजूला निघालेल्या नळ्या, ज्यांना ते ‘आउटरिगर’ म्हणतात, पाण्याने आणि रस्त्यावरच्या मिठाने गंजतात. त्या नीट दुरुस्त करायच्या तर बॉडी उचलून बाजूला ठेवावी लागते. टस्कनमधल्या ‘स्पीड सिक्स’ या कंपनीच्या स्वतःच्या सहा सिलिंडर इंजिनात व्हॉल्व्ह चालवणारे भाग लवकर झिजत, आणि कितीतरी इंजिनं नव्याने बांधावी लागली. त्यातून ब्रिटनभर लहान लहान कारागिरांची दुकानं उभी राहिली. कुणी फक्त चॅसी करतं, कुणी फक्त ते सहा सिलिंडरचं इंजिन, आणि कारखान्याने केलेल्या चुका त्यांनी चांगल्या धातूने, चांगल्या मापाने सुधारल्या. टीव्हीआर बाळगणं म्हणजे अशा दुकानाच्या मालकाशी घरोबा ठेवणं. लंडनमध्ये गाड्या घेऊन आलेल्या माणसांना यंत्राची माहिती होती, त्यात कुठे काय चुकतं हे त्यांनी स्वतः हात काळे करून शिकलेलं होतं. भोळी भक्ती नव्हती ती.

२००४ च्या जुलैमध्ये व्हीलरने कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या चोवीस वर्षांच्या रशियन तरुणाला विकली. पुढच्या वर्षी सगॅरिस आली, बॉनेटवर चिरे पाडलेली, मागे पारदर्शक पंख लावलेली, ब्लॅकपूलने केलेली शेवटची मोठी गाडी. त्यानंतर मागणी घटली, माणसं कमी केली, इटलीची घोषणा झाली, दिवाळं निघालं. मधल्या वर्षांत पुनरागमनाच्या बातम्या आल्या आणि विरल्या. व्हीलर २००९ मध्ये वारला.

२०१३ मध्ये लेस एडगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टीव्हीआर हे नाव विकत घेतलं. एडगर हा बुलफ्रॉग या ब्रिटिश व्हिडिओ गेम कंपनीचा सहसंस्थापक. पुन्हा एकदा सच्चा इंग्रज गाडीवेडा माणूस आला, असं चाहत्यांना वाटलं. त्यातही त्याने जी माणसं जोडली ती पाहून जाणत्यांचे डोळे चमकले. गाडीची रचना मॅक्लारेन एफ-१ चा जनक गॉर्डन मरी करणार, आणि फोर्डचं पाच लिटरचं व्ही-८ कॉसवर्थ हाताळणार. पोलादी चौकट आणि तिला चिकटवलेले कार्बनचे पापुद्रे, ही मरीची ‘आयस्ट्रीम’ पद्धत होती. गाडीचं चित्रही पाहायच्या आत लोकांनी बयाण्याचे पैसे भरले.

८ सप्टेंबर २०१७ ला गुडवुडच्या मैदानावर पडदा उठला. नाव पुन्हा ग्रिफिथ. पाचशेच्या आसपास अश्वशक्ती, वजन १२५० किलोंच्या आत, सहा गिअर आणि ते हाताने टाकायचे, ताशी दोनशे मैलांहून जास्त वेगाचा दावा, पहिल्या पाचशे गाड्यांची किंमत सुमारे ९०,००० पाउंड, आणि गाड्या २०१९ पासून हाती देण्याचं आश्वासन.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया त्या वेळी वाचल्या ऐकल्या तर एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या बाबतीत ‘इंजिन तुमचं नाही’ हा आक्षेप पहिला आला असता. इथे फोर्डचं इंजिन घेतलं म्हणून सगळ्यांत जास्त समाधान जुन्या मालकांनाच झालं. स्पीड सिक्सचा खर्च ज्याने सोसला त्याला फोर्डचं इंजिन म्हणजे सुटकेचा श्वास. एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा आली, त्यावरही फारशी भांडणं झाली नाहीत, वय झालेल्या हातांना ती हवीच होती. आक्षेप आले ते रूपावर. समोरून ती जॅग्वारसारखी दिसते, ॲस्टनसारखी दिसते, म्हणजे दुसऱ्या कुणासारखी दिसते. ब्लॅकपूलच्या गाडीला पाहून आधी दचकायला व्हायचं, आणि नंतर ती आवडायची. ही पाहताक्षणी आवडली आणि तेवढ्यावरच थांबली, असं कित्येकांचं म्हणणं होतं. मला हा आक्षेप खरा वाटतो. बाजूंतून निघणारे एक्झॉस्ट सोडले तर नव्या ग्रिफिथमध्ये हट्ट दिसत नाही, आणि टीव्हीआरचा आकार नेहमी कुणाच्या तरी हट्टातून आला होता.

दुसरी बोच ब्लॅकपूलची होती. कारखाना वेल्समधल्या एब व्हेलला ठरला होता. एब व्हेल हे पोलादाचं गाव, तिथला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला होता, आणि वेल्स सरकारला तिथे रोजगार हवा होता. सरकारने टीव्हीआरला कर्ज दिलं, भागभांडवलातही थोडा वाटा घेतला. ब्लॅकपूलच्या जुन्या कामगारांसाठी हळहळणाऱ्यांनीही या गावाचं दुःख ओळखलं. पण सरकारी मदतीला युरोपीय संघाच्या नियमांत बसवण्यात वेळ गेला, इमारत तयार व्हायला वेळ गेला. शेजारी होऊ घातलेल्या भव्य शर्यतीच्या मैदानाला वेल्स सरकारने २०१७ च्या उन्हाळ्यात हमी नाकारली होती. २०१९ आलं आणि गेलं. पुढे लिथियम काढणाऱ्या एका कंपनीशी भागीदारीची आणि विजेवरच्या गाडीची घोषणा झाली. एब व्हेलमध्ये बांधलेली एकही टीव्हीआर गिऱ्हाइकाच्या हाती गेली नाही.

याच २०१७ मध्ये फ्रान्समध्ये आल्पिनने ए-११० पुन्हा आणली. तीही मधल्या काळात गाडलं गेलेलं नाव, तीही हलकी, तिच्याही चाहत्यांनी वर्षानुवर्षं जपलेली. पहिल्या आवृत्तीच्या १९५५ गाड्यांची नोंदणी काही दिवसांतच पूर्ण झाली, आणि त्या दिएपच्या त्याच जुन्या कारखान्यात बांधून लोकांच्या दारात गेल्या. फरक कौशल्याचा नव्हता, आल्पिनच्या पाठीशी असलेल्या रनो या मोठ्या मोटार कंपनीचा होता. एका नमुना गाडीपासून विकाऊ गाडीपर्यंतचा रस्ता फार खर्चिक आहे. अपघात चाचण्या, धुराचे नियम, हेडलाइटपासून काचेच्या रबरापर्यंतच्या प्रत्येक सुट्या भागाचा पुरवठादार आणि त्याला आगाऊ द्यावे लागणारे पैसे. रनोसारखं घर पाठीशी असेल तर हा खर्च हिशोबातली एक ओळ होते. टीव्हीआरपाशी नाव होतं, मरीची रचना होती, कॉसवर्थचं इंजिन होतं आणि बयाणा देणाऱ्यांची यादी होती. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत मौल्यवान होती, आणि ती सर्वांत बेफिकिरीने खर्च झाली असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक पुढे ढकललेल्या तारखेनंतर काही जणांनी बयाणा परत मागितला. काही जण थांबले. जे थांबले त्यांतल्या अनेकांच्या गॅरेजमध्ये आधीच एक शिमेरा किंवा टस्कन उभी होती, म्हणून त्यांना थांबणं परवडलं.

चाहत्यांमधला वाद आता गाडी सुंदर आहे का यावर नाही. पुढचा कुणी मालक आला तर त्याने काय करावं, यावर आहे. एक मत असं की इलेक्ट्रिक असो, पेट्रोल असो, दहा गाड्या करा, पण त्या विकत घेणाऱ्याच्या नावावर करून द्या. दुसरं मत असं की नाव मालकांच्या क्लबाच्या आणि कारागिरांच्या हाती राहू द्यावं आणि जुन्या गाड्यांचे भाग नीट बनत राहतील एवढंच पाहावं. मी पहिल्या मताच्या बाजूने आहे, कारण विल्किन्सनची पहिली गाडी घडली ती हाताशी होतं ते साहित्य जोडून, पाचशे गाड्यांचा संकल्प सोडून नव्हे. पण दुसऱ्या मताची माणसं या क्षणी प्रत्यक्ष काम करताहेत. ब्रिटनमधल्या कितीतरी दुकानांत आज सर्बेराच्या बॉडी चॅसीवरून उचलल्या जातात, गंजलेले आउटरिगर कापून नव्या नळ्या वेल्ड होतात, त्यांना रंगाचा जाड थर दिला जातो आणि गाडी तिच्या मालकाकडे परत जाते.