सिगारेट ओढणारे कमी झाले, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण का वाढतायत?

'मी तर कधी सिगारेटला हातही लावला नाही, मला कसा होईल?' फुप्फुसाच्या कर्करोगाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. यात चूक काय ते समजून घ्यायचं असेल, तर दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला आकडा तंबाखूचा. केंद्र सरकारच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २००९-१० मध्ये देशातले १४ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण १०.७ टक्क्यांवर आलं.

दुसरा आकडा आजाराचा. एका अंदाजानुसार १९९० मध्ये भारतात दर एक लाख लोकांमागे ६.६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होत होता. २०१९ मध्ये हा दर ७.७ झाला.

म्हणजे ओढणारे कमी झाले, पण आजार वाढला. असं का झालं? आणि या आजारात मृत्यूचं प्रमाण इतकं जास्त का आहे? समजून घेऊया.

सध्या देशात किती रुग्ण आहेत?

कर्करोगावर काम करणारी जागतिक आरोग्य संघटनेची एक संस्था आहे, आयएआरसी. तिच्या 'ग्लोबोकॅन' अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८१,७४८ नवे रुग्ण आढळले आणि ७५,०३१ जणांचा मृत्यू झाला.

देशात त्या वर्षी सगळ्या प्रकारच्या कर्करोगांचे मिळून सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण होते. त्यात फुप्फुसाचा वाटा साधारण ६ टक्के. मृत्यूंमध्ये मात्र हाच वाटा ८ टक्क्यांच्या वर जातो.

आता स्तनाच्या कर्करोगाशी तुलना करा. त्याच वर्षी त्याचे नवे रुग्ण १,९२,०२० आणि मृत्यू ९८,३३७. म्हणजे शंभर नव्या रुग्णांमागे साधारण ५१ मृत्यू. फुप्फुसाच्या बाबतीत हेच प्रमाण ९२ आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. याचा अर्थ यंदा आजार समजलेल्या शंभरपैकी ९२ जण यंदाच दगावतात, असा होत नाही. यातले काही मृत्यू आधीच्या वर्षांतल्या रुग्णांचे असतात. पण हे दोन आकडे इतके जवळ आले की आजार उशिरा सापडतोय आणि उपचार अपुरे पडतायत, एवढं नक्की कळतं.

हे आकडे येतात कुठून?

आपल्याकडे प्रत्येक रुग्णाची मोजणी होत नाही. ठरावीक शहरं आणि जिल्ह्यांत कर्करोगाच्या नोंदवह्या, म्हणजे रजिस्ट्री चालतात. तिथले कर्मचारी रुग्णालयं, लॅब आणि मृत्यूनोंदणी कार्यालयांतून माहिती गोळा करतात. त्यावरून देशाचा अंदाज बांधला जातो.

याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. देशातली पहिली अशी नोंदवही १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत सुरू केली. पुढे १९८१-८२ मध्ये आयसीएमआरनं राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ग्रामीण भागातली पहिली नोंदवही सुरू झाली.

पण या नोंदवह्यांमध्ये देशाची फक्त १० टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या येते. शिवाय कर्करोगाची नोंद करण्याची सक्ती काही राज्यांनीच केली आहे, देशभर ती नाही. त्यामुळे 'अमुक वर्षात इतके हजार रुग्ण वाढले' अशी पोस्ट दिसली, तर थोडं थांबा. लोकसंख्या वाढली की रुग्ण वाढतात. लोक जास्त जगायला लागले की रुग्ण वाढतात. गावात सीटी स्कॅनची सोय झाली की आधी न सापडणारे रुग्णही सापडतात. म्हणून नुसती संख्या पाहून चालत नाही, दर लाखामागचा दर बघावा लागतो. तोही वयाचा फरक वगळून काढलेला असला तर उत्तम.

सगळ्या देशात सारखंच चित्र आहे का?

अजिबात नाही. २०१२ ते २०१६ या काळातल्या नोंदवह्यांचा अहवाल २०२० मध्ये आला. त्यात मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा दर देशात सगळ्यात जास्त होता. वयाचा फरक वगळून काढलेला हा दर पुरुषांमध्ये दर लाखामागे ३८.८ आणि महिलांमध्ये ३७.९ इतका होता. स्त्री-पुरुषांत जवळपास फरकच नाही! मिझोरममध्ये तंबाखूचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांइतकं आहे आणि तिथे बायकाही मोठ्या प्रमाणावर तंबाखू ओढतात.

याच अहवालानुसार महानगरांत आणि दक्षिण भारतात पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. पश्चिम आणि मध्य भारतात मात्र तोंडाचा कर्करोग पुढे होता. कारण सरळ आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते, पण तंबाखू-गुटखा खाणारे २४.४ टक्के. तंबाखू जिथे ठेवाल, तिथे ती आधी घाव घालते.

मग ओढणारे कमी होऊनही आजार का वाढतोय?

याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं, हा आजार उधारी वसूल करायला उशिरा येतो. धूर आत घेणं आणि गाठ दिसणं यात २०-३० वर्षांचं अंतर असू शकतं. अमेरिकेचंच उदाहरण घ्या. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, असं तिथल्या सर्जन जनरलनी १९६४ मध्येच जाहीर केलं. पण पुरुषांमधला मृत्युदर खाली यायला १९९० नंतरचा काळ उजाडावा लागला. म्हणजे आज आपल्याला दिसणारे बरेच रुग्ण हे १९९० आणि २००० च्या दशकातल्या धुराचे आहेत. त्यात आपल्याकडे सिगारेटपेक्षा बिडी जास्त ओढली जाते. २०१६-१७ मध्ये सिगारेट ओढणारे ४ टक्के, तर बिडी ओढणारे ७.७ टक्के होते.

दुसरं, कमी झालेलं व्यसन हे एकमेव कारण नव्हतंच. हवेचं प्रदूषण कर्करोगाला कारणीभूत ठरतं, असं आयएआरसीनं २०१३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी डिझेलच्या धुराचा नंबर लागला होता. हवेतले पीएम २.५ हे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसात थेट खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्या देशाची मर्यादाच ४० आहे. याशिवाय चुलीचा धूर, घरात दुसऱ्या कुणाच्या बिडीचा धूर, अ‍ॅस्बेस्टॉस, जमिनीतून येणारा रेडॉन वायू हीसुद्धा कारणं आहेत.

तिसरं, आपलं सरासरी आयुष्य वाढलं. हा मुख्यतः उतारवयातला आजार आहे. पन्नाशी-साठीच्या पुढची माणसं वाढली की रुग्णही वाढणार.

म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो?

हो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ४८९ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५२ टक्के रुग्ण न ओढणारे होते. हा एकाच रुग्णालयातला आकडा आहे, तो सगळ्या देशाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात न ओढणाऱ्या रुग्णांचं प्रमाण जास्त आहे, असं इतर अभ्यासांतही दिसतं. शिवाय आपल्याकडे हा आजार तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो.

आजाराचं रूपही बदलतंय. पूर्वी धूम्रपानाशी घट्ट जोडलेला 'स्क्वॅमस' प्रकार जास्त दिसायचा. आता 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' पुढे आहे. न ओढणाऱ्यांत आणि महिलांत हाच जास्त आढळतो.

म्हणून 'धूम्रपानानं काही होत नाही' असा अर्थ कृपया काढू नका. एखाद्या माणसासाठी सगळ्यात मोठा धोका आजही बिडी-सिगारेटच आहे.

मृत्यू इतके जास्त का?

फुप्फुसाच्या आतल्या भागात वेदना जाणवत नाही. गाठ बराच काळ गुपचूप वाढते. नोंदवह्यांच्या त्याच अहवालानुसार जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये निदान झालं तेव्हाच आजार शरीरात दूरवर पसरलेला होता.

आपल्याकडे यात टीबीची भर पडते. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त ही दोन्ही आजारांची लक्षणं. एक्स-रेवरचा डागही सारखाच दिसू शकतो. त्यामुळे अनेकांना आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि खरं निदान होईपर्यंत काही महिने हातचे जातात.

मग आधीच तपासणी करता येत नाही का? कमी रेडिएशनच्या सीटी स्कॅननं बिडी-सिगारेट भरपूर ओढलेल्या लोकांमधले फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २०११ मध्ये दिसलं. पण आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगच आहे. शिवाय जुन्या टीबीचे व्रण असलेल्या देशात स्कॅनवरचा प्रत्येक डाग तपासत बसणं सोपं नाही.

उपचार मात्र सुधारलेत. गाठीतला जनुकीय बदल तपासून नेमक्या गोळ्या देता येतात. ईजीएफआर नावाचा असा बदल युरोपीय रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांत जास्त सापडतो. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क काढलं गेलं. त्यातली ओसिमर्टिनिब आणि डर्व्हालुमॅब ही दोन फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरली जातात. तरी महागडी औषधं आणि जनुकीय तपासणी अजून सगळ्यांच्या आवाक्यात नाही.

आपण काय करू शकतो?

तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, कारण नसताना घटलेलं वजन, छातीत दुखणं किंवा धाप लागणं यातलं काही असेल तर 'प्रदूषणामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. घरात कुणाला टीबीची औषधं सुरू असतील आणि महिना-दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर औषधं स्वतःहून बंद करू नका. पण 'थुंकीत टीबीचे जंतू खरंच सापडले होते का? पुढची तपासणी करायची का?' असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणि बिडी-सिगारेट सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. कितीही वर्षं ओढली असली तरी सोडल्यावर धोका कमी होत जातो.