खाडीच्या चिखलात तेल मुरलं, तर ते खातं कोण?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडलं. ते रायगडच्या किनाऱ्यालाही लागलं, खारफुटीवर काळा थर बसला. वाळूवरचं तेल फावड्याने उचलता येतं. पण चिखलात मुरलेलं?

ते काम जिवाणूंचं. चिमूटभर चिखलात कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यात तेल खाणारेही थोडे असतातच. एरवी ते कोपऱ्यात पडून असतात. तेल आलं की चित्र पालटतं. बऱ्याच जिवाणूंना ते सोसत नाही, त्यांची संख्या घटते. तेल पचवणारे मात्र झपाट्याने वाढतात. तेलातला हलका भाग ते आधी फस्त करतात. डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षं उरतो.

आता अडचण बघा. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळपास नाहीच. शेतकऱ्याला हे सांगायला नको. नुसत्या पेंढ्याचा ढीग घातला तर तो लवकर कुजत नाही, शेणकाला टाकला की कुजतो. तसंच इथे. (म्हणून कुणी खाडीत युरिया ओतू नका बरं का! माशांचे हाल होतील.)

दुसरी अडचण हवेची, आणि खरी मेख इथेच आहे. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरातच हवा असते. खाली काळा गाळ, सडक्या अंड्यासारखा वास. तिथले जिवाणू हवेशिवाय जगतात. त्यातले काही तेल खातात, पण फार सावकाश. खाली हवा जाते ती खेकड्यांच्या बिळांतून आणि झाडांच्या मुळांतून. तेलाने खेकडे आणि झाडं मेली की खालच्या जिवाणूंचा श्वासच कोंडतो.

अमेरिकेत वेस्ट फालमाउथ गावाजवळ सप्टेंबर १९६९ मध्ये ‘फ्लोरिडा’ नावाच्या बार्जमधून डिझेलसारखं तेल सांडलं. तीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथली दलदल खणली, तर काही इंच खाली तेल होतंच. तिथले खेकडे तेलाच्या थरापर्यंत गेले की बीळ वळवायचे किंवा अर्धवट सोडायचे. म्हणजे हवा जाणार तरी कुठून?

मग चिखलच खणून काढला तर? फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर तेही करून झालं. मार्च १९७८ मध्ये ‘अमोको कॅडिझ’ हे जहाज फुटलं, दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. एका दलदलीत यंत्रं घालून तेलकट गाळ उपसला. जमिनीची पातळीच खाली गेली, भरतीच्या पाण्याचं गणित बिघडलं. उलट जिथे हात लावला नव्हता, ती दलदल लवकर हिरवी झाली.

आपल्याकडे तेलाचा तवंग आला की मदतीच्या भावनेने गावातली पोरं थेट खारफुटीत उतरतात. पायाखाली तेल आणखी खोल दाबलं जातं, जिथे हवा नाही तिथे. त्यापेक्षा तवंग पाण्यावर असतानाच बांध घालून अडवणं आणि तलाठ्यांना लगेच कळवणं बरं. साबणाचं पाणी मारू नये. आणि तेल लागलेल्या भागातले खेकडे, कालवं, शिंपल्या तपासणी होईपर्यंत ना घरात शिजवाव्यात, ना बाजारात न्याव्यात.