स्मृती आउट झाली, तरी टीव्ही चालूच!

३० ऑक्टोबर २०२५. वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट ३३९. आणि दहाव्याच ओव्हरमध्ये सांगलीची लाडकी लेक पॅव्हेलियनमध्ये! त्या रात्री सांगली-साताऱ्याच्या फॅन्सनी काय केलं, त्याचे हे धमाल किस्से.

सांगलीकरांची एक जुनी खोड आहे. मुलींच्या क्रिकेटची मॅच लावायची, ती स्मृती मानधनासाठी. ती क्रीझवर असेपर्यंत रिमोटला कुणी हात लावायचा नाही. ती आउट झाली, की उसासा टाकायचा, टीव्ही बंद करायचा आणि जेवायला बसायचं. त्यात नवल काहीच नाही. नव्वदच्या दशकात सचिन आउट झाल्यावर अख्खा देश हेच करायचा. आणि स्मृती तर घरचीच. जन्म मुंबईचा, पण दोन वर्षांची असताना ती सांगलीजवळच्या माधवनगरात आली. वडील आणि भाऊ दोघंही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. ही नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या अंडर-फिफ्टीनमध्ये आणि अकराव्या वर्षी अंडर-नाइन्टीनमध्ये! म्हटल्यावर गावानं लाड का करू नयेत?

मी साताऱ्याची. त्यामुळे ‘आमची स्मृती’ हे सांगलीकरांचं पालुपद मी कॉलेजपासून ऐकतेय. त्यावर माझं ठरलेलं उत्तर असतं. सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणूनच ओळखला जायचा, तेव्हा स्मृती थोडी आमचीही! सांगलीकर यावर जाम भडकतात. पण या लेखासाठी मी दोन्हीकडच्या दोस्तमंडळींना एकच प्रश्न विचारला. स्मृती आउट झाली तेव्हा तू कुठे होतास आणि पुढे काय केलंस? उत्तरं ऐकून मी उडालेच. त्या रात्री जवळपास कुणीच टीव्ही बंद केला नव्हता.

५९ वर दोन!

आधी मॅच आठवून घेऊ. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियाची पहिली बॅटिंग. फीबी लिचफिल्डच्या ११९, एलिस पेरीच्या ७७, अ‍ॅशली गार्डनरच्या ६३. एकूण ३३८. महिलांच्या वनडेत एवढं टार्गेट तोवर कुणीच गाठलं नव्हतं. वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलिया सलग १५ मॅचेस जिंकून आलेली. शफाली वर्मा तर टीममध्येच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलावलेलं. ती दहा रन्सवर गेली. मग किम गार्थचा लेग साइडला जाणारा एक बॉल, ऑस्ट्रेलियाचा रिव्ह्यू, अल्ट्राएजवर उमटलेली ती बारीकशी रेघ आणि स्मृती २४ वर आउट. स्कोअर, ५९ वर दोन.

सांगलीकरांच्या पोटात गोळा येण्याचं कारण अगदी ताजं होतं. अकराच दिवसांपूर्वी, १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध स्मृती ८८ वर आउट झाली आणि हातातली मॅच चार रन्सनी गेली. त्याआधी १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला तिनं ८० केल्या, आपण ३३० ठोकल्या, तरी ऑस्ट्रेलियानं त्या पार केल्या. म्हणजे ती खेळूनही आपण हरत होतो. इथे तर ती दहाव्या ओव्हरमध्येच परतलेली. जुना हिशेब बघितला तर रिमोट उचलायची वेळ झाली होती.

जागा सोडायची नाही

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या सीए मैत्रिणीच्या घरी रिमोट उचललाही गेला. तिचे बाबा वैतागून गॅलरीत जाऊन उभे राहिले. ते बाहेर गेले आणि इकडे जेमिमा रॉड्रिग्जनं चौकार मारला. मग आणखी एक. झालं! घरात फर्मान निघालं, बाबांनी आत यायचं नाही. जेवणाचं ताट गॅलरीत पोचवलं गेलं. हरमनप्रीत आउट झाली तेव्हा बाबा पाणी प्यायला आत आले होते, असा त्यांच्यावर घरच्यांचा आजही आरोप आहे.

हिंजवडीत एचआरमध्ये असलेला एक सांगलीकर कंपनीच्या बसमध्ये होता. मोबाइलवर मॅच, कानात इअरफोन, आणि शेजारचा अनोळखी सहप्रवासी हळूहळू त्याच्या खांद्यावर झुकलेला. मग एक इअरफोन त्याच्या कानात गेला. दोघांचं नावगाव विचारून व्हायच्या आधीच जेमिमाची फिफ्टी झाली. आपला स्टॉप आल्यावर तो शेजारी उतरलाच नाही. शेवटच्या स्टॉपला दोघं बसखाली उतरले आणि एका टपरीपाशी उभं राहून उरलेली मॅच बघितली.

आणि सगळ्यात भारी किस्सा कॅनडातला. मिरजेचा एक मित्र कॅलगरीत नोकरी करतो. तिथे तेव्हा सकाळ होती. ऑक्टोबर संपत आला की कॅलगरीत सकाळी आठलासुद्धा धड उजाडलेलं नसतं आणि थंडी म्हणजे हाडं गोठवणारी. हा पठ्ठ्या बसस्टॉपवर उभा. ग्लोव्ह घालून फोनची स्क्रीन चालेना, म्हणून उजवा हात उघडा ठेवलेला. स्मृती गेली तेव्हा त्यानं फोन खिशात टाकला, बोटं काखेत धरली आणि मिनिटभर स्वतःशी चडफडला. मग राहवलं नाही. पुन्हा फोन काढला. जेमिमा आणि हरमनची जोडी जमली होती आणि तो उभ्या जागेवरून हलायला तयार नव्हता. दोन बसेस त्यानं सोडल्या. बोटं लाल झाली, मग बधिर झाली. ऑफिसला उशीर झाल्याचं कारण काय सांगितलं असेल? बर्फ! असं तो खो-खो हसत सांगतो. तिथे ते कारण बारमाही चालत असावं.

या तिघांच्या गोष्टीत एक गंमत आहे. स्मृती गेल्यानंतरच्या साधारण तीन तासांचं त्यांना सगळं आठवतं. ताट, इअरफोन, बोटं, सगळं.

आपण बातमीचे फॅन

माझ्या मते ही साधी गोष्ट नाही. सातारा-सांगलीच्या मातीनं खेळाडू काही कमी दिलेले नाहीत. भारतानं पहिली कसोटी जिंकली ती फेब्रुवारी १९५२ मध्ये, चेन्नईत, इंग्लंडविरुद्ध. कॅप्टन विजय हजारे, जन्म सांगलीचा. त्याच वर्षी हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. गावाकडे त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आजही अभिमानानं सांगितली जाते. पण कुस्ती? ती इथल्या कुणी पाहिली होती? बातमी आली, गुलाल उधळला.

तेव्हा टीव्ही नव्हता, ठीक आहे. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये काय झालं? साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी बर्लिनमध्ये तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली. फायनलमध्ये मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरावर १४९-१४७ अशी मात. दीडशेपैकी एकच गुण सोडला हो तिनं! उसाच्या रानात तयार केलेल्या मैदानावर शिकलेली ही मुलगी. सातारकर म्हणून माझी छाती फुगली. पण मी ज्यांना विचारलं, त्यातल्या एकानंही ती फायनल लाइव्ह पाहिलेली नव्हती. स्टेटस मात्र सगळ्यांनी टाकलं होतं.

म्हणजे आपण मॅचचे कमी आणि बातमीचे फॅन जास्त. जिंकल्याचं कळलं की आपली पोर, आपलं गाव, फ्लेक्स, पेढे. जिंकेल की नाही हे माहीत नसताना तासन् तास जीव टांगणीला लावून बसणं, हे आपण फक्त पुरुषांच्या क्रिकेटसाठी राखून ठेवलेलं. ३० ऑक्टोबरला पहिल्यांदा ते मुलींच्या वाट्याला आलं. तेही आपल्या गावची मुलगी तंबूत परतल्यावर.

जेमीची रात्र

याचं श्रेय अर्थातच जेमिमाला. याच वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या मॅचला तिला बाहेर बसवलं होतं. सेमीफायनलला आपण तिसऱ्या नंबरवर जातोय, हे तिला अगदी शेवटच्या क्षणी कळलं. तिनं आणि हरमनप्रीतनं १६७ ची पार्टनरशिप केली. हरमन ८९ वर गेली. जेमिमाचे कॅच सुटले. ८२ वर एलिसा हिलीनं सोडला तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरी आजीनं देवापुढे साखर ठेवली. सेंच्युरी झाली, तर पोरीनं बॅटसुद्धा धड उंचावली नाही. काम बाकी होतं. दीप्तीच्या २४, रिचा घोषच्या १६ बॉलमध्ये २६ आणि शेवटी अमनजोत कौरचा चौकार. नऊ बॉल राखून, पाच विकेट्सनी विजय. जेमिमा नाबाद १२७, डोळ्यांत पाणी. नंतर तिनं या स्पर्धेत आपल्याला झालेल्या मानसिक त्रासाबद्दल, रोज रडण्याबद्दल मोकळेपणानं सांगितलं. ऑफिसच्या डेडलाइन्सखाली गुदमरणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना मॅचपेक्षाही ते जास्त लक्षात राहिलंय.

जुन्या फॅन्ससाठी आणखी एक हिशेब चुकता झाला. वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाला याआधी हरवलं होतं तेही आपणच, २०१७ च्या सेमीफायनलमध्ये, डर्बीला, हरमनच्या नाबाद १७१ च्या जोरावर. त्यानंतरची लॉर्ड्सची फायनल मात्र नऊ रन्सनी हुकली. स्मृती त्या दिवशी शून्यावर गेली होती. सांगलीत त्या फायनलचा विषय अजूनही कुणी फारसा काढत नाही.

पावसातला रविवार

२ नोव्हेंबरच्या फायनलला तर पावसानंच परीक्षा घेतली. तीनची मॅच पाचला सुरू झाली. साताऱ्याहून दोन मैत्रिणी पहाटेच्या एसटीनं निघून नेरूळला पोचल्या होत्या. स्टेडियमबाहेर भिजत दोन तास काढले. सोबत नेलेल्या कंदी पेढ्यांचा डबा जिंकल्यावर उघडायचा असं ठरलेलं, पण भुकेपोटी निम्मा टॉसच्या आधीच संपला! स्मृती आणि शफालीनं १०४ ची ओपनिंग दिली, स्मृती ४५ वर गेली, आणि यावेळी रिमोटचा विषयही निघाला नाही. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८ आणि पाच विकेट्स. साउथ आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ड १०१ वर असताना अमनजोतनं तो कॅच हातातून उडवत उडवत शेवटी पकडला, तेव्हा आख्ख्या स्टेडियमचा श्वास अडकला होता. मध्यरात्रीच्या सुमारास हरमननं शेवटचा कॅच घेतला आणि २००५, २०१७ च्या हुकलेल्या फायनल्स धुऊन निघाल्या. डब्यात उरलेले पेढे पुढच्या-मागच्या रांगांत वाटले गेले. घेणाऱ्यांत गुजराती होते, मल्याळी होते, एक साउथ आफ्रिकेची फॅनसुद्धा होती.

टीमची व्हाइस कॅप्टन सांगलीची, कोच मुंबईचे अमोल मुजुमदार. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स करूनही भारताकडून एकही मॅच न खेळलेले. महाराष्ट्राला मिरवायला भरपूर होतं आणि आपण मिरवलंही. सरकारनं स्मृती, जेमिमा आणि राधा यादवला प्रत्येकी सव्वादोन कोटींचं बक्षीस दिलं.

पण मला सांगलीतली दुसरी एक गोष्ट जास्त आवडली. तिथे आता कुणालाही त्या सेमीफायनलबद्दल विचारा. गोष्टीची सुरुवात स्मृतीच्या विकेटपासूनच होते, तो त्यांचा हक्कच आहे. पण ते तिथे थांबत नाहीत. जेमिमाचे सुटलेले कॅच, दीप्तीचा रनआउट, रिचाचे फटके, सगळं ओळीनं येतं. माधवनगरशी काडीचाही संबंध नसलेल्या पोरींची नावं ते भाचीचं नाव घ्यावं तशी घेतात. आणि समोरच्यानं घाईघाईनं मध्येच रिझल्ट सांगितला, तर त्याला गप्प बसवतात.

थोडक्यात सेमीफायनल
ऑस्ट्रेलिया : सर्वबाद ३३८
भारत : ५ बाद ३४१ (४८.३ ओव्हर्स)
जेमिमा रॉड्रिग्ज : नाबाद १२७ (१३४ बॉल)
हरमनप्रीत कौर : ८९ (८८ बॉल)
स्पर्धेत स्मृतीच्या रन्स : ४३४, भारतातर्फे सर्वाधिक