कातडीची खातेवही

१९८८ साली मी भोरला बँकेत शेतकी अधिकारी होतो. पीककर्जाच्या कामासाठी वेल्ह्याच्या बाजूला वरचेवर जावं लागे. तोरण्याच्या पायथ्याशी एका चावडीत टेबल मांडून बसलो असताना एक बाई समोर आल्या. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. मी म्हटलं, ''बसा आजी.'' त्या हसल्या, ''आजी नगं म्हनू सायेब, धाकली पोर अजून साळंत जातीया.'' फॉर्मवर वय होतं बेचाळीस! पुण्यात राहणारी माझी आई तेव्हा पंचावन्नची होती आणि तिच्या गालावर सुरकुती शोधावी लागे.

हा हिशेब मला फार उशिरा उलगडला. कातडी दोन कारणांनी म्हातारी होते. पहिलं कारण वय. कातडीच्या आतल्या थराला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन तरुणपण सरता सरता दरवर्षी थोडं थोडं कमी होतं. खालची चरबीची गादी पातळ होते, तेल आणि ओलावा घटतो. ही वजावट कुणालाच चुकत नाही.

दुसरं कारण ऊन. उन्हातले अतिनील किरण आतल्या थरापर्यंत पोचतात आणि कोलॅजन तोडणारी विकरं वाढवतात. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन त्यांना बरंच थोपवतं, पण सगळं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं खिडकीतून ऊन झेललेला त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. माणूस एकच, वय एकच! खात्री हवी असेल तर आपल्याच दंडाची आतली बाजू मनगटाशी ताडून पाहा.

वेल्ह्याच्या त्या बाईंनी चैत्र-वैशाखात राब भाजला होता, आषाढात चिखलात भात लावला होता, उरलेल्या दिवसांत सरपण वाहिलं होतं. आईचं आयुष्य सावलीत गेलं. दोघींच्या चेहऱ्यांत फरक होता तो वयाचा नव्हे, कामाचा.

ही नोंद बोटांवरही होते. अंगठ्याच्या रेषांची नक्षी आईच्या पोटातच ठरते आणि जन्मभर तीच राहते. पण उतारवयात कातडी कोरडी व सैल पडते, कष्टांनी रेषांचे उंचवटे झिजतात. शाईच्या पॅडवर असा अंगठा कसाबसा उमटायचा आणि आम्ही तो चालवून घ्यायचो. यंत्र चालवून घेत नाही.

मध्यंतरी त्या भागात गेलो होतो. रेशन दुकानात एक आजोबा यंत्रावर अंगठा दाबत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा धोतराला पुसून. यंत्र ओळख देईना. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. समोर बसलेल्याला ते ठाऊक हवं आणि तेवढा धीरही हवा. दुकानदारानं बुबुळ टिपणारं यंत्र काढलं आणि आजोबांचं धान्य मिळालं.

पिशवी उचलताना मी बँकेत होतो हे कुणीतरी त्यांना सांगितलं. आजोबांनी आपला गुळगुळीत अंगठा माझ्यापुढे धरला.

''कर्जाच्या कागदाला बरा चालला ह्यो, सायेब!''