सिसिलियन बचाव : काळ्याचा सौदा

जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही सामान्यतः एकच घर सरके. त्यामुळे लढाईला तोंड लागण्यास अवधी लागे. आंतरराष्ट्रीय नियमांत ते आरंभी दोन घरे चालू शकते आणि पटाच्या मध्याविषयीचा झगडा लगेच जुंपतो. या झगड्यात काळ्याचा एक धाडसी उपाय म्हणजे सिसिलियन बचाव. सिसिली बेटावरील पिएत्रो कारेरा याच्या १६१७ सालच्या ग्रंथात त्याची चर्चा आहे.

पांढरा राजापुढील प्यादे दोन घरे चालवतो. काळा त्याची नक्कल न करता वजिराकडील उंटापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकतो. नंतर पांढरा वजिरापुढील प्यादे मध्यात आणतो, काळा ते मारतो आणि पांढऱ्याचा घोडा त्याची परतफेड करतो. वरवर पाहता हिशेब बरोबरीचा. परंतु काळ्याने बाजूचे प्यादे देऊन मध्याचे घेतलेले असते. त्याची मध्यातील दोन्ही प्यादी शाबूत राहतात, पांढऱ्याचे एकच उरते. शिवाय उंटाची उभी पट्टी मोकळी होऊन काळ्याच्या हत्तीला वाट मिळते.

मात्र हा सौदा फुकटचा नव्हे. पांढऱ्याची मोहरी लवकर बाहेर पडतात आणि काळ्याच्या राजावर चाल करून जाण्याची संधी त्याला लाभते. तो हल्ला थोपवून वजिरापुढील प्यादे सुखरूपपणे मध्यात आणता आले, तर काळ्याचे बहुतेक कार्य साधले. नायडॉर्फ प्रकारात काळा पाचव्या चालीला वजिराकडील हत्तीपुढील प्यादे एकच घर सरकवतो. नवशिक्यास ही चाल व्यर्थ वाटते. पण तिने पांढऱ्याच्या घोड्याला व उंटाला एक मोक्याचे घर बंद होते आणि शेजारच्या प्याद्याच्या आगेकुचीची तयारी होते.

सौद्याच्या दोन्ही बाजू १९९५ साली न्यूयॉर्कच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात दिसल्या. पहिले आठ डाव बरोबरीत सुटल्यावर नवव्या डावात विश्वनाथन आनंद यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्हचा सिसिलियन बचाव भेदला. अकराव्या डावात कास्पारोव्हने त्याच बचावाचा ‘ड्रॅगन’ प्रकार योजून काळ्या मोहऱ्यांनी विजय मिळवला.

केवळ चाली पाठ करणारा विद्यार्थी, प्रतिस्पर्ध्याने पुस्तकाबाहेरची खेळी करताच गोंधळतो. म्हणून प्रत्येक चालीपाशी थांबून त्याने दोन गोष्टी तपासाव्यात : पांढऱ्याचा हल्ला कोठून येणार आहे, आणि आपले मध्यातील प्यादे केव्हा पुढे टाकता येईल.