कूस बदलायची आठवण यंत्र देईल, हात मात्र आपलेच

लकवा, मणक्याची इजा किंवा खुब्याचे हाड मोडणे यांमुळे अंथरुणाला खिळलेले माणूस आपल्या वस्तीत कुठे ना कुठे असतेच. पुष्कळदा मूळ दुखण्यातून ते सावरते, पण पाठीला पडलेल्या जखमेने बेजार होते. हाच बेडसोर. तो नशिबाने होत नाही. त्याला कारण आहे, आणि ज्या दुःखाचे कारण कळले ते बहुतेक वेळा टाळता येते.

हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी तासन् तास दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा खुंटतो व मांस मरू लागते. माकडहाड, खुबा, टाचा, कोपर ही धोक्याची ठिकाणे. आपण झोपेतही कूस बदलतो. ज्याला ते जमत नाही, त्याची कूस दुसऱ्याने बदलावी लागते.

मोठ्या रुग्णालयांत आता ही आठवण यंत्र देऊ लागले आहे. छातीवर चिकटवलेला छोटा सेन्सर रुग्ण कोणत्या कुशीवर किती वेळ आहे, हे मोजतो. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, तसेच हे तंत्र. वेळ भरली की परिचारिकेला इशारा मिळतो. अमेरिकेत अतिदक्षता विभागातील सुमारे 1300 रुग्णांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सेन्सर वापरलेल्या गटात 5 जणांना, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात 15 जणांना जखमा झाल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता याच्या पुढे जाते. हालचाल, आहार, ओलावा, संवेदना अशा नोंदी एकत्र तपासून कोणाला धोका जास्त आहे, हे ती आधीच सुचवते.

मात्र एक प्रश्न आपण विचारायलाच हवा. या यंत्राला कोणाची कातडी दाखवून शिकवले? गोऱ्या कातडीवर पहिला लाल डाग दिसतो, सावळ्या कातडीवर तो लपतो. यंत्र गोऱ्या कातडीच्याच फोटोंवर शिकले असेल, तर आपल्या माणसाचा धोका त्याच्या नजरेतून निसटेल. म्हणून डोळ्यांबरोबर बोटांनीही तपासा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, गार, कडक, मऊ किंवा जांभळट वाटली, तर जखमेची सुरुवात समजा.

सेन्सर नसला तरी घरी हे करता येते :

• साध्या मोबाइलवर दर दोन तासांनी गजर लावा. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा तक्ता भिंतीवर लिहा.
• माणसाला ओढू नका. खालच्या चादरीला दोघांनी धरून उचला.
• पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा.
• लघवी-शौचानंतर लगेच पुसून कोरडे करा. चादरीला सुरकुत्या नकोत.
• डाग दिसलेल्या जागी तेल चोळू नका. रबरी रिंगवर बसवू नका.
• डाळ, अंडी, दूध, मासे यांपैकी परवडेल ते द्या. पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारा.
• हवेची गादी असली तरी कूस बदलणे सोडू नका.

कातडी फुटली, काळी पडली, घाण वास आला किंवा ताप आला, तर घरगुती लेप न लावता दवाखाना गाठा. रुग्णालयातून घरी सोडताना कूस कशी बदलायची, हे परिचारिकेकडून करून दाखवून घ्या. तो आपला हक्क आहे.

आणि ही सेवा एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका. अतिसाराने पडून राहिलेल्या भिक्खूची कथा विनयपिटकात आहे. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवले. शास्ता स्वतः रुग्णाला उचलतो, तिथे घरातल्या पुरुषांनी मागे राहायचे कारण नाही. रात्रीच्या गजरांच्या पाळ्या आजच वाटून घ्या. घरात माणसे कमी असतील, तर विहारात शब्द टाका. शेजारचे दोन हात नक्की मिळतील.